घरी नेलेल्या लडी

आमच्या संस्थेत कोणते काम विणकराने घरी करावे आणि कोणते शेडमध्ये येऊन करावे, याचा नियम मी घालून दिला होता, आणि तो सर्वांत आधी मीच मोडला. मोडला एवढेच नव्हे, तर त्यातून झालेल्या नुकसानीचे खापर दुसऱ्याच्या माथी फुटू दिले. ही गोष्ट मी कित्येक वर्षे कोणाला सांगितली नाही, पत्नीलाही नाही. गेल्या उन्हाळ्यात ती एकदाची बोलून झाली. ज्यांच्यापाशी बोलायची होती त्यांच्यापाशी बोलून झाली, म्हणून आज ती लिहिताना हात जड होत नाही. संपादकांनी हातमागाच्या धंद्यातले अनुभव मागितले, तेव्हा मी आधी उमरेडला जाऊन सोमाजींची परवानगी घेऊन आलो. ते म्हणाले, "लिवा ना जी. पण माहं नाव गाळू नोका. बदनामी झाली तवा नाव घेऊनच झाली होती."

तेव्हा नाव घेऊनच सांगतो.

नागपुरात विणकरांची एक सहकारी संस्था होती. तिच्यात मी तांत्रिक पर्यवेक्षक म्हणून लागलो, तेव्हा तिशीही गाठली नव्हती. संस्थेची पत्र्याची मोठी शेड होती. तिच्यात मागांच्या दोन रांगा, आणि टोकाला आमचे कार्यालय. पण संस्थेचे निम्म्याहून अधिक सभासद शेडमध्ये येतच नसत. कोणाचा माग गोळीबार चौकाच्या मागच्या गल्लीत, कोणाचा थेट उमरेडला, घरातच जमिनीत खड्डा करून बसवलेला. संस्थेने रंगवलेले सूत द्यायचे, त्यांनी घरी लुगडी विणून आणून द्यायची, असा व्यवहार.

विणकाम म्हणजे माग चालवणे अशी बाहेरच्या माणसाची समजूत असते. माग ही शेवटची पायरी. त्याआधी सूत रंगवायचे, लडींचे रंग जुळवायचे, उभे धागे म्हणजे ताणा आखायचा, त्याला खळ द्यायची, आडव्या धाग्याच्या कांड्या भरायच्या. त्या कांड्या धोट्यात बसतात आणि धोटा ताण्यातून इकडून तिकडे पळतो. प्रत्येक फेरीनंतर विणकर फणीने आडवा धागा ठोकून घट्ट बसवतो. हा ठोका सारखा पडला तर कापड सारखे येते. यांतले कोणते काम घरी शोभते आणि कोणते शेडमध्ये, हे ठरवण्यात माझी उमेदीची वर्षे गेली.

खळ देण्याचे काम घराबाहेर, रस्त्यावर होई. सगळा ताणा गल्लीभर ताणून त्यावर कुंचा फिरवायचा. एकदा तो असा ताणलेला असताना समोरून नवरदेवाची वरात आली. वाजंत्री थांबेना, विणकर हलेना. नवरदेवाचा मामा म्हणाला, "सूत उचला जी, मुहूर्त चालला." विणकराने कुंचा खाली न ठेवता उत्तर दिले, "तुमचा नवरदेव वाळत नाई जी, माहा ताणा वाळून राहिला." शेवटी नवरदेव घोड्यावरून उतरला आणि ताण्याखालून वाकून पलीकडे गेला. दुसऱ्या आठवड्यात मी ते काम शेडच्या मागच्या पटांगणात आणले.

कांड्या भरणे मात्र घरीच राहू दिले. बायका स्वयंपाक सांभाळून ते करीत, आणि कधी कधी पांढऱ्या कांड्यांना हळदीची बोटे लागत. इतवारीतले एक व्यापारी आमचे जुने गिऱ्हाईक. ते लुगडे नाकाशी धरून सांगत, "हे घरचं दिसते. फोडणीचा वास येऊन राहिला." एकदा मी मुद्दाम शेडमधले लुगडे पुढे केले, तर म्हणाले, "हेबी घरचंच. अंबाडीची भाजी होती त्या दिवशी." तेव्हापासून त्यांच्या नाकावरचा माझा विश्वास उडाला. डोळ्यांवरचा मात्र कधीच नाही, कारण त्यांची नजर फार तयार होती.

आणि रंगाची जुळवणी. तिच्याबाबत मी कोणाचे काही ऐकून घेतले नव्हते. सुताचा रंग प्रत्येक भट्टीत थोडा वेगळा उतरतो. एका लुगड्यात दोन भट्ट्यांचे सूत मिसळले, तर कांडी बदलली की रंग बदलतो आणि अंगावर आडवे पट्टे दिसू लागतात. म्हणून लडी कार्यालयातल्या उत्तरेच्या खिडकीशीच, दुपारच्या आत, उजेडातच निवडायच्या. एकही लड जुळवणीसाठी बाहेर न्यायची नाही. हा नियम माझा. नवीन आलेल्या माणसाला मी तो स्वतः समजावून सांगत असे, आणि सांगताना माझा आवाज थोडा चढत असे, हेही आठवते.

ज्या वर्षाची ही हकिकत आहे, त्या वर्षी मालती, माझी पत्नी, अंथरुणावर होती. आधीची दोन बाळंतपणे अपुरी राहिली होती. या खेपेला डॉक्टरांनी तिला उठायचीही मनाई केली होती. घरात दुसरे कोणी नव्हते. सकाळचा स्वयंपाक, पाणी, तिचे औषध करून मी कार्यालयात पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलेले असे, आणि दारात सुतासाठी विणकरांची रांग लागलेली. संध्याकाळी मात्र जीव घराकडे ओढत असे. एके दिवशी मी वांगी रंगाच्या लडी पिशवीत भरल्या, सायकलला अडकवल्या आणि घरी आणल्या.

ती संध्याकाळ मला लख्ख आठवते, कारण ती सुखाची होती. पिवळ्या दिव्याखाली मी तिच्या पलंगापाशी बसलो आणि एकेक लड तिच्या हातात देत गेलो. कित्येक आठवड्यांत तिने काही काम केले नव्हते. ती लडी जवळ धरून पाहत होती आणि म्हणत होती, "ही आणि ही सारखी. हीसुद्धा. तुम्ही यालाच एवढं अवघड काम म्हणता होय?" आम्ही दोघे हसलो. सगळ्या लडी एकसारख्या दिसत होत्या. दुसऱ्या दिवशी त्यांतल्या बहुतेक मी उमरेडच्या सोमाजींना दिल्या.

सोमाजी वयाने माझ्याहून थोडे मोठे. साध्या, नक्षीविरहित अंगाचे लुगडे विणावे ते त्यांनीच. असे लुगडे सर्वांत अवघड, कारण त्यात चूक लपवायला जागा नसते. त्यांच्या घरी वृद्ध वडील होते; त्यांची स्मृती गेली होती. म्हातारबुवांनी जन्मभर माग चालवलेला. त्यामुळे मागाचा खटखटाट चालू असला की ते भिंतीला टेकून शांत बसत, आणि आवाज थांबला की तो शोधायला घराबाहेर पडत. सोमाजी एका डोळ्याने माग आणि एका डोळ्याने वडील सांभाळीत. पत्नी अंजनाबाई दिवसा दुसऱ्यांच्या धानाच्या बांध्यांत कामाला जात. म्हणजे सोमाजींचा माग घरी होता म्हणूनच ते घर चालत होते.

लग्नसराईच्या तोंडावर लुगडी तयार होऊन आली. इतवारीच्या व्यापाऱ्यांनी पहिलेच दुकानाच्या ओट्यावर उलगडले आणि माझ्याकडे पाहिले. या वेळी नाकाशी धरले नाही.

"हे काय होय जी? वांगं मागतलं होतं, तुमी तं जेब्रा आणला."

अंगभर आडवे पट्टे होते. अगदी सौम्य, पण एकदा दिसले की डोळा तिथून हटेना. सगळी लुगडी परत आली. अध्यक्षांनी दुसऱ्या दिवशी सभा बोलावली.

त्या सकाळी सभेला निघण्यापूर्वी मी अंगणात गेलो. जुळवणीतून उरलेल्या लडी मी आदल्या रात्री तिथे दोरीवर टाकल्या होत्या. त्यांच्यावर ऊन पडले होते. काही लडी तांबूस होत्या आणि काही निळसर. शेजारी शेजारी लोंबकळत होत्या. दिव्याखाली जे एक दिसले होते ते उन्हात दोन झाले होते. मला दुसऱ्यांदा पाहावे लागले नाही. आतून मालतीने विचारले, "काय झालं हो?" मी म्हणालो, "काही नाही."

आमचे अध्यक्ष मनाने वाईट नव्हते, पण सगळे माग एका छपराखाली यावेत, घंटा वाजली की सगळे धोटे एकदम सुटावेत, हे त्यांचे फार दिवसांचे स्वप्न होते. लुगडे टेबलावर पसरून त्यांनी सोमाजींना विचारले, "काहून गा सोमाजी, हे असं काहून झालं?"

सोमाजी उभे होते. त्यांनी जे सांगितले ते मला अजूनही ऐकू येते. "मले वाटते जी, माह्याच हातानं झालं. बाबा सारखे उठून राहिले होते, त्याइच्या मांगं मी उठो. उठून पुन्हा बसलं का ठोका बदलते. थोच पट्टा पडला असन."

माणूस स्वतःच्या अंगावर दोष ओढवून घेत होता, आणि तो घेण्यासारखा दोष होताही. वारंवार उठबस झाली की ठोका बदलतो, हे खरेच. अध्यक्ष माझ्याकडे वळले. "तुमी टेक्निकल माणूस. तुमचं काय म्हणणं?"

एका वाक्याचे काम होते. रंगात फरक आहे, आणि जुळवणी मी घरी केली. मी लुगड्यावर वाकलो, बोट फिरवले, पाहिल्यासारखे केले आणि म्हणालो, "ठोका एकसारखा पडलेला दिसत नाही."

असे का केले, याचा विचार मी पुष्कळ केला आहे. नोकरी जाईल ही भीती होती. नियम करणाऱ्यानेच नियम मोडला, हे चारचौघांत उघडे पडण्याची लाज तर त्याहून मोठी होती. त्या वेळी मी स्वतःला सांगितले की, मालतीला कळले तर ती स्वतःला दोष देईल, म्हणून गप्प राहिलो. हे कारण खोटे नव्हते. पण ते मला सभेनंतर सुचले होते.

निर्णय झाला. सोमाजींचे घरचे काम बंद. रोज एस.टी.ने नागपूरला यावे आणि शेडमधल्या मागावर बसावे. मी उरलेल्या लडी रंगाऱ्याकडे नेल्या आणि काळ्या करून मागितल्या. तो म्हणाला, "चांगला वांगी हाये ना जी, काळा काहून करून राहिले?" गिऱ्हाइकाची मागणी आहे, असे मी सांगितले. तोवर खोटे बोलणे मला सोपे जाऊ लागले होते.

सोमाजी पहाटेच्या गाडीने येत आणि अंधार पडल्यावर घरी पोचत. शेडमधली माणसे थट्टेखोर. सोमाजी दारात दिसले की कोणीतरी म्हणे, "आले गा, उमरेडचे पट्टेवाले आले!" ते नुसते हसत आणि मागावर बसत. माझ्याबद्दल त्यांच्या मनात काही किल्मिष नव्हते. उलट मालतीची विचारपूस रोज करीत. "वैनीबाईले उठू देऊ नोका," असे बजावून सांगत. मी घरी स्वतःसाठी जी सवलत चोरून घेतली होती, तीच मी या माणसाकडून काढून घेतली होती, आणि हा माणूस मला माझ्या घराची काळजी घ्यायला सांगत होता.

अशात एका दुपारी उमरेडहून आलेल्या एस.टी.च्या कंडक्टरने शेडमध्ये निरोप आणला. सोमाजींचे वडील सकाळपासून घरात नाहीत, गावात शोधले, सापडले नाहीत. उन्हाळा ऐन भरात होता. सोमाजी मागावरून उठले आणि चप्पलही न घालता निघाले. मी त्यांच्यामागे चप्पल घेऊन धावलो, आणि मग त्यांच्यासोबत गाडीतच चढलो.

त्या प्रवासाइतका लांब प्रवास मी दुसरा केला नाही. सोमाजी खिडकीतून रस्त्याच्या कडेला बसलेला प्रत्येक म्हातारा निरखीत होते. मधेच म्हणाले, "चूक माहीच होय जी. म्या ठोका सांभाळला असता तं माग घरीच रायला असता. बाबाले आवाज ऐकू आला असता." मी सगळे सांगून टाकायला तोंड उघडले. "सोमाजी," म्हणालो. त्यांनी माझ्याकडे पाहिले. डोळ्यांत पाणी होते. मी म्हणालो, "सापडतील."

आणि ते सापडले. हे लिहितानाही सुटकेचा श्वास येतो. गाडीतून उतरतो तोच अंजनाबाई समोरून धावत आल्या. "हाये हाये, बुढा हाये!" गावाच्या पार दुसऱ्या टोकाला एका विणकराच्या घरात म्हातारबुवा सकाळपासून बसले होते. त्या घरच्यांना वाटले, पाहुणपणाला आले असतील. त्यांना चहा पाजला, भाकर वाढली. आम्ही गेलो तेव्हा ते मागाशेजारी भिंतीला टेकून बसले होते. मुलाला पाहून रागावले. "किती दिस बंद ठेवतं गा माग? तुहा बंद पडला म्हणून म्या हा धरला." सोमाजी खाली बसले आणि हसता हसता रडू लागले. मी बाहेर ओट्यावर येऊन उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी मी अध्यक्षांपुढे गेलो. कबुली द्यायला गेलो असतो तर आज अभिमानाने लिहिले असते. मी तसा गेलो नाही. मी कामांच्या वाटणीबद्दल बोलायला गेलो. म्हणालो, जिथे नजरेने निर्णय घ्यायचा, म्हणजे रंगाची जुळवणी, ताण्याची आखणी, तयार मालाची पारख, ती कामे शेडमध्येच हवीत; तिथे उजेड असतो आणि दुसऱ्याची नजरही असते. पण विणणे हे हाताचे काम आहे, ज्याच्या हाताला जिथे स्वस्थता लाभते तिथे ते होऊ द्यावे.

अध्यक्ष म्हणाले, "म्हणजे सोमाजीसाठी नियम बदलवून राहिले तुमी?"

"सगळ्यांसाठी."

"आणि पुन्हा पट्टे पडले तं?"

"तर मी जबाबदार. घरचे प्रत्येक लुगडे मी स्वतः उजेडात पाहीन."

"भोगा मंग," ते म्हणाले. पण त्यांनी मान्य केले.

सोमाजी पुन्हा घरच्या मागावर बसले. पावसाळा संपता संपता मालतीला मुलगी झाली, पूर्ण दिवसांची, खणखणीत आवाजाची. म्हातारबुवा त्यानंतर काही वर्षे जगले आणि माग चालू असतानाच भिंतीशी बसल्या जागी गेले. सोमाजी सांगतात, आपण हातातली कांडी पूर्ण विणून मगच माग थांबवला, कारण मधेच आवाज बंद करवेना.

या साऱ्यात माझे नाव त्या घरी फार मोठे झाले. साहेबांनी अध्यक्षांशी भांडून आमचा माग घरी आणला, असे अंजनाबाई गल्लीभर सांगत. कुहीजवळच्या त्यांच्या माहेरून नवे तांदूळ आले की त्यांतले एक गाठोडे दरवर्षी आमच्याकडे पोचे. पश्चात्तापाने माणसाचे अन्नावरचे मन उडते असे म्हणतात. माझे उडाले नाही. तो भात मी जेवत आलो, आणि तो चांगला लागत असे, हे मला कबूल केले पाहिजे.

पण एक गोष्ट सलत राहिली. सोमाजींनी साधे लुगडे विणणे सोडून दिले. मी सूत द्यायला बसलो की म्हणत, "आमाले चौकडीच द्या जी. चौकडीत झाकून जाते." विदर्भात ज्या हाताला तोड नव्हती, तो हात जन्मभर चौकडी विणत राहिला. त्या हातावरचा त्यांचा विश्वास उडाला होता, आणि तो मी उडवला होता. दरवर्षी मनाशी ठरवीत असे की आता सांगू. मग तांदूळ येत आणि तोंड बंद होई.

गेल्या उन्हाळ्यात सोमाजींचा निरोप आला, घरी येऊन जा, एका गोष्टीत तुमचा शब्द हवा. मी गेलो. त्यांचा मुलगा आता कोळशाच्या खाणीत कामाला लागला आहे. सून शालू विणकराच्याच घरची, हातात कसब असलेली. तिच्या मांडीवर सहा-सात महिन्यांचे पोर होते. सोमाजी खाटेवर, अंजनाबाई दाराशी, आणि बंद पडलेला माग कोपऱ्यात झाकून ठेवलेला.

"सायेब, तुमीच समजवा हिले," सोमाजी म्हणाले. "हिले घरी माग चालवाचा हाये. म्या म्हणतो, संस्थेची नवीन शेड झाली ना उमरेडात, तिथं जाय. पोट्टं राहीन आजीपाशी."

"ह्या दुधावरच्या पोराले टाकून मी दिवसभर शेडमंधी बसू का?" शालू म्हणाली. "घरी काय बिघडते?"

"मन लागत नाई वं घरी. पोट्टं रडते, तू उठते. ठोका बदलते. माह्यावरून शीक ना. माहं नाव याच घरात, याच मागावर गेलं. सायेब होते तिथं. विचार त्याइले."

"विचारतो ना," ती म्हणाली आणि तिने माझ्याकडे तोंड वळवले. "सांगा जी सायेब. उठबस झाली का पट्टा पडतेच का?"

तिघेही माझ्याकडे पाहत होते. सभेत अध्यक्षांनी जे विचारले होते तेच आज ही मुलगी विचारत होती. मी तेच उत्तर दिले असते, तर पोराला घरी ठेवून ती शेडमध्ये गेली असती, आणि माझे खोटे त्या घरात आणखी एक पिढी नांदले असते.

मी म्हणालो, "तो पट्टा ठोक्याचा नव्हता."

मग थांबता आले नाही. पिशवीतून नेलेल्या लडी, पिवळा दिवा, अंगणातले ऊन, सभेतले माझे वाकून पाहणे, रंगाऱ्याकडून काळे करून आणलेले सूत, सगळे सांगितले. पोर आपल्याशी हुंकारत होते.

सोमाजींनी विचारले, "म्हणजे ठोका बरोबर होता?"

"बरोबर होता."

"सगळ्या लुगड्याइत?"

"सगळ्यांत. मी ती नंतर एकेक करून उन्हात पाहिली होती. एकाही ठिकाणी हात चुकला नव्हता."

ते खाटेवरून उठले. मला वाटले, आता घराबाहेर काढतील, आणि काढले असते तर मी गेलो असतो. पण ते पत्नीकडे वळले. त्यांचा चेहरा एखाद्या तरुण माणसासारखा झाला होता. "अंजने, ऐकलं का वं? ठोका बरोबर होता! बाबामुळं काही बिघडलं नवतं. उगाच म्या त्याइले मनातल्या मनात..." त्यांनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले आणि हसले.

शालूने संधी सोडली नाही. "मंग बसवू का माग, मामाजी?"

"बसव वं बाप्पा, बसव. आणि चौकडी घेऊ नोको. साधं घे."

अंजनाबाई मात्र हसल्या नाहीत. त्या दारातून पुढे आल्या. "एवढे वर्सं आमच्या घरचे तांदूळ खाल्ले तुमी," त्या म्हणाल्या. "हे बापलेक उन्हातान्हात फिरले. हा माणूस रातच्याले हात पाहत बसे. आणि आता तुमी आल्या आल्या सगळं बयान करून टाकलं, जसं का कोणा दुसऱ्याचंच होय. मोकळे झाले तुमी. पण माफी तं मागितलीच नाई."

"जाऊ दे ना वं," सोमाजी म्हणाले.

"काहून जाऊ द्यू?"

त्यांचे बरोबर होते. मी तपासणीचा अहवाल द्यावा तशी हकिकत सांगितली होती. खुर्चीवर बसून, त्यांनीच दिलेला चहा पीत. मी कप खाली ठेवला, उठून उभा राहिलो आणि हात जोडले. शब्द स्पष्ट उमटले, आणि त्या घराला ऐकू जातील एवढ्या मोठ्याने उमटले.

"सोमाजी, दोष माझा होता आणि मी तो तुमच्या हातावर ठेवला. अंजनाबाई, तुमच्या घराचं मी वाईट केलं आणि तुमच्या घरचं जेवत राहिलो. माझं चुकलं. मला माफ करा."